सॅम्पल फ्लॅट आणि हिरवी जाळी : कॉन्सेप्ट कार कुठली, टेस्टिंगची गाडी कुठली?

परवा भाच्याने तळेगाव-चाकण रस्त्यावरून फोटो पाठवला. चहाच्या टपरीसमोर उभी एक गाडी, अंगभर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांचं स्टिकर. खाली मजकूर : ‘मामा, कॉन्सेप्ट कार!’

म्हटलं, अरे ही टेस्टिंगची गाडी. तर म्हणाला, ‘एकच ना? दोन्ही अजून विकायला नाहीत.’

वाकड-हिंजवडीला फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाला यातला फरक पटकन कळेल. सॅम्पल फ्लॅटमध्ये खोल्यांना दारं नसतात, पलंग मुद्दाम आखूड केलेला असतो, दिवे भरपूर. त्याच आवारात मागे हिरव्या जाळीत झाकलेली इमारत उभी असते. सॅम्पल फ्लॅट म्हणजे कॉन्सेप्ट कार, नुसती दाखवायला बनवलेली; जाळीतली इमारत म्हणजे भाच्याची गाडी. तुम्हाला ताबा मिळतो तो जाळीतल्या इमारतीतला.

पुढच्या वेळी एखाद्या ऑटो शोमध्ये कॉन्सेप्ट दिसली, तर आधी तिच्या बंपरकडे बघा. नंबर प्लेट लावायला बहुधा जागाच ठेवलेली नसते. आपली 500 बाय 120 मिलीमीटरची पाटी तिथे आणली की अर्धं सौंदर्य तिथेच संपतं. आरशांच्या जागी बोटाएवढे कॅमेरे. पुढच्या-मागच्या दारांमधला खांब कधी कधी गायब, कारण बाजूने धडक बसली तर काय, हा प्रश्न तिला कोणी विचारणार नसतो. चाकं कमानीत इतकी ठासून बसवलेली, की स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तर टायर घासेल. लोकांचे चेहरे बघायचे, कुठल्या रेषेवर ते थबकतात ते टिपायचं, एवढ्यासाठीच तिचा जन्म. ही रीत जुनी. 1938 ची ब्यूक वाय-जॉब ही पहिली कॉन्सेप्ट कार मानतात. ती घडवून घेणारा जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल मात्र ती स्वतःच रोज चालवायचा!

टेस्टिंगच्या गाडीचं सगळं उलटं. ती दिसूच नये म्हणून खटाटोप. स्टिकरखाली फोमचे उंचवटे चिकटवतात, म्हणजे मूळ रेषा कळत नाहीत. सुरुवातीच्या गाड्यांना मागचे दिवेसुद्धा बाजारातून आणून लावलेले तात्पुरते असतात. आत डोकावलात तर मागच्या सीटवर वजनासाठी वाळूची पोती, डॅशबोर्डवरून लोंबणाऱ्या वायरी. पण लोखंड खरं. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन खरं. घाटात तापणार, खड्ड्यांत आपटणार, आणि अखेरीस याच घडणीची गाडी एआरएआयसारख्या, गाड्या तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेकडून नियमांप्रमाणे तपासून घ्यावी लागणार. पुण्यात एआरएआय टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या कितीजणांना त्या नावाचं काम ठाऊक असेल, कोण जाणे.

आता खरी गंमत. आधी कॉन्सेप्ट, मग तिच्यावरून गाडी, असं आपण धरून चालतो. तारखा बघितल्या की ते डळमळतं. टाटांची एचफाइव्हएक्स कॉन्सेप्ट फेब्रुवारी 2018 मध्ये दिसली, आणि पिंपरीत बनणारी हॅरियर जानेवारी 2019 मध्ये विक्रीला आली. अकरा महिने! एवढ्यात कोऱ्या कागदावरून गाडी होत नाही. पत्र्याला आकार देणाऱ्या डाय, म्हणजे साचे, एकदा पोलादात कापल्या की दाराची एक रेष हलवायची म्हटलं तरी व्हेंडरच्या पोटात गोळा येतो. म्हणजे कॉन्सेप्ट स्टेजवर आली, तेव्हा गाडी बरीचशी ठरलेली होती. माझ्या मते अशी कॉन्सेप्ट म्हणजे तयार गाडीलाच मेकअप करून पुढे पाठवणं. स्कोडाची व्हिजन इन (2020) आणि चाकणची कुशाक (2021) हीही त्याच जातीची.

अंतर जास्त असलं की कॉन्सेप्टने खरोखर काहीतरी चाचपलेलं असतं. टाटांची सिएराच बघा. 1991 च्या मूळ गाडीची ओळख म्हणजे छताकडे वळलेल्या मागच्या काचा. 2020 मध्ये कॉन्सेप्ट आली, 2023 मध्ये तिचं दुसरं रूप आलं, आणि गाडी नोव्हेंबर 2025 मध्ये. त्या वळलेल्या काचा काही परत आल्या नाहीत, काळ्या पट्ट्यांनी नुसता भास उरला. मला तो तितकासा पटला नाही, पण जुन्या काचेचा हट्ट धरला असता तर गाडी आलीच नसती, हेही कळतं.

काही कॉन्सेप्टांचं तर फक्त नाव उरतं. 2000 मध्ये जिनिव्हात टाटांनी आरिया नावाची दोन सीटची उघडी रोडस्टर दाखवली होती. 2010 मध्ये आरिया आली ती तीन रांगांची कुटुंबाची गाडी.

भाच्याचा फोटो मोठा करून पुन्हा बघितला. मागचे दिवे तात्पुरते नव्हते, काचेआड नीट डिझाइन दिसत होतं. त्याला कळवलं : दिवे कायमचे लागलेत, आता फार दिवस नाहीत. त्याचं उत्तर लगेच आलं : ‘किंमत किती असेल?’