क्लबचा प्रशिक्षक आणि राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक: पदनाम एक, कामे दोन

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खालिद जमील यांना राष्ट्रीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमले. सावियो मेदेरा या गोमंतकीय प्रशिक्षकानंतर, म्हणजे तब्बल तेरा वर्षांनी, हे पद पूर्णवेळ भारतीय माणसाकडे आले. कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईत महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून मधल्या फळीत खेळलेले आणि भारताची जर्सीही घातलेले जमील क्लब प्रशिक्षक म्हणून यशस्वी होते. म्हणून ते राष्ट्रीय संघालाही तसेच यश मिळवून देतील, असा सरळ हिशेब मांडणे सोपे आहे. मात्र ‘मुख्य प्रशिक्षक’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कामे दडलेली आहेत, हे त्यात लक्षात घेतले जात नाही.

क्लबच्या प्रशिक्षकाच्या हाती सर्वांत मोठी गोष्ट असते ती रोजची सकाळ. मुंबई एफसीत जमील यांनी सुमारे सात वर्षे तोच संघ रोज मैदानावर घडवला. त्यानंतर ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीत गेले. आदल्या हंगामात तळाला घसरून आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडलेला आणि मग तिच्यात पुन्हा सामावून घेतलेला हा संघ होता. तेथे त्यांनी आपल्या हाताखाली खेळलेल्या जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांच्यासारख्या खेळाडूंना घेतले, मधल्या फळीचा कणा म्हणून सीरियाच्या महमूद अल अमनाला उभे केले, आणि २०१६-१७ ची आय-लीग मोहन बागानपेक्षा अवघा एक गुण अधिक मिळवून जिंकली. ईशान्य भारतातील क्लबला मिळालेले हे पहिलेच राष्ट्रीय लीग विजेतेपद होते. माझ्या मते गेल्या काही दशकांतील भारतीय प्रशिक्षकाची ही सर्वांत मोठी कामगिरी आहे. तिचा पाया होता आपल्याला हवी ती माणसे निवडण्याचे स्वातंत्र्य आणि ती घडवायला मिळालेला वेळ.

राष्ट्रीय प्रशिक्षकाला यांतले काहीच पुरेसे मिळत नाही. त्याचे खेळाडू क्लबांकडून काही दिवसांपुरते उसने आलेले असतात. फिफाने राखून ठेवलेल्या तारखांना त्यांना सोडणे क्लबांना बंधनकारक असते, पण त्या तारखांबाहेर सारे क्लबच्या मर्जीवर चालते. जमील यांच्या पहिल्याच स्पर्धेत, म्हणजे मध्य आशियातील काफा नेशन्स कपमध्ये, मोहन बागानने आपले खेळाडू दिले नाहीत. तरीही भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ओमानला पेनल्टींवर हरवले.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. क्लबला गोल करणारा हवा असेल तर तो परदेशातून आणता येतो, आणि बहुतेक भारतीय क्लब नेमके तेच करतात. राष्ट्रीय संघात मात्र भारतीय पारपत्र असलेलाच खेळू शकतो. त्यामुळे क्लबचा प्रशिक्षक आपला प्रश्न ज्या उपायाने सोडवतो, त्याच उपायाने राष्ट्रीय प्रशिक्षकाचा प्रश्न वाढतो: लीगमध्ये मधोमध खेळणारे भारतीय आघाडीवीर तयारच होत नाहीत. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या आघाडीवीर सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावे लागले, ते याच टंचाईपायी.

दोन्ही कामे एकाच माणसाने करण्याचा प्रयोगही याआधी झाला होता. २०२४-२५ च्या हंगामात मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत अशा दोन्ही संघांचे प्रशिक्षक होते. त्यांच्या गोव्याने सुपर कपच्या अंतिम सामन्यात जमील यांच्याच जमशेदपूरला ३-० असे हरवले. त्याच माणसाच्या हाताखाली राष्ट्रीय संघ मात्र धडपडत राहिला.

फरक सर्वांत जास्त बोचतो तो पराभवानंतर. क्लबला आठवड्याभरात पुढचा सामना मिळतो आणि चूक लगेच दुरुस्त करता येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची दारे बंद झाली. जमील यांना पुढचा सामना मिळाला तो पाच आठवड्यांनी, १८ नोव्हेंबरला ढाक्यात. पात्रतेच्या दृष्टीने त्याला अर्थ उरला नव्हता, आणि तोही बांगलादेशने १-० असा जिंकला.