कोठार उघडल्यावर

दुष्काळात दामाजीपंतांनी बहामनी कोठार लोकांसाठी उघडलं, ही कथा मंगळवेढ्यातल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच माहीत असते. धान्य आलं, माणसं जगली. पण त्याच गावावर बंदूकधारी गटही हक्क सांगत असतील तर? मदत पोहोचली की शांतता येते, असं अनेक सरकारं धरूनच चालली होती.

फिलिपिन्समधला पुरावा मला सगळ्यात बोलका वाटतो. तिथल्या 'कलाही' योजनेत निवडलेल्या गरीब प्रांतांपैकी प्रत्येकातल्या सर्वांत गरीब पाव हिस्सा पालिकांना रस्ते, पाणी, शाळाखोल्यांसाठी निधी मिळाला. गरिबीच्या यादीत या पाव हिश्श्याच्या रेषेच्या जेमतेम आत आणि जेमतेम बाहेर असलेल्या पालिका जवळपास सारख्याच; फरक काय तो निधीचा. क्रॉस्ट, फेल्टर आणि जॉन्स्टन या संशोधकांनी २०१४ साली त्यांचीच तुलना मांडली. निधीच्या बाजूला चकमकींतले बळी वाढलेले निघाले! त्यांच्या मते, काम यशस्वी झालं तर लोक सरकारकडे झुकतील, या भीतीने बंडखोर ते आधीच मोडायला निघाले. याच तिघांनी पुढे गरीब कुटुंबांना थेट पैसे देणारी योजना तपासली, तेव्हा मात्र हिंसा घटलेली दिसली. गावाचं सामाईक काम उधळता येतं, घराघरात गेलेला पैसा अडवणं अवघड.

आपल्याकडचं उदाहरण सोलापूरकराला जवळचं आहे. बहात्तरचा दुष्काळ भोगलेली माणसं अजून खडी फोडल्याचं, सुकडीचं सांगतात. त्याच काळात महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली आणि २००५ साली देशभरासाठी कायदा झाला. अर्थतज्ज्ञ थिमो फेत्झर यांना आढळलं, की नक्षलग्रस्त भागांत पाऊस हुकला की हिंसा वाढायची. रोजगार हमी आल्यावर हा संबंध सैल पडला. पोटाला काम असलं की पावसाने दगा दिला तरी घर तगतं.

पण खन्ना आणि झिमरमन यांच्या अभ्यासात योजना आल्यावर सुरुवातीला हिंसा वाढली होती. त्यांच्या मते, सरकारवर विश्वास बसल्याने लोक पोलिसांना माहिती देऊ लागले, कारवाया वाढल्या. त्या झळा सोसल्या गावानेच. मदत आखणाऱ्यांनी हे आधीच मोजायला हवं, गावकऱ्यांच्या सुरक्षेसह. दासगुप्ता, गावंडे आणि कपूर यांना हिंसेत खरी घट दिसली ती जिथे प्रशासन योजना नीट राबवू शकत होतं तिथे, विशेषतः आंध्रात. मस्टरवर नाव लागलं आणि मजुरी खरोखर हातात पडली, तिथे.