आयएसए स्लॉट गेला तेव्हा नक्की काय गेलं: डॉस गेमसाठी जुना पीसी जमवण्यामागची पार्श्वभूमी

डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवरचे गेम खेळायला जुना पीसी जमवायचा म्हटलं की ह्यातली जाणती मंडळी पहिला प्रश्न एकच विचारतात, बोर्डावर आयएसए स्लॉट (साउंड कार्डासारखी जादा कार्डं खोचायची जुनी खाच) आहे का? प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं नंतर. त्या एका काळ्या लांब स्लॉटला एवढा भाव का, ते कळायला नव्वदच्या दशकाचा शेवट बघावा लागतो.

त्याआधीचं थोडक्यात: १९८१ च्या पहिल्या पीसीत हा स्लॉट ८ बिटांचा होता, १९८४ मधे १६ बिटांचा झाला आणि १९८९ मधे पहिलं साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड आलं ते ह्याच स्लॉटसाठी. डॉसमधे साउंड ड्रायव्हर अशी सोयच नव्हती, गेम थेट कार्डाशी बोलायचा. पोर्ट (कार्डाचा पत्ता) २२०, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ५ नाहीतर ७, डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता मेमरीतून आवाज कार्डाकडे नेणारी वाट) १. गेमच्या सेटअपमधे हे आकडे ज्यांनी भरलेत त्यांना ते अजून तोंडपाठ आहेत.

मग दोन बड्या कंपन्यांनी मिळून काढलेल्या पीसी ९९ ह्या डिझाईन गाईडने सांगितलं की नव्या पीसीत आयएसए स्लॉट नको. कारणं खोटी नव्हती. बस (माहिती नेणाऱ्या वायरींचा रस्ता) ८ मेगाहर्ट्झच्या आसपास रखडलेली, जंपर (सेटिंगसाठी पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) लावून लावून माणूस वैतागायचा, मोडेम आणि साउंड कार्ड एकाच आयआरक्यूवर आले की दोन्ही बंद. ऑफिसच्या मशीनसाठी निर्णय बरोबरच होता. पण आधीच्या दहा वर्षांचे गेम ज्या डीएमएवर उभे होते, त्याच्या वायरी आयएसएच्या जागी आलेल्या पीसीआय स्लॉटमधे नाहीतच, आणि त्याची पूर्ण सोय न करता दार लावलं गेलं, हे माझ्या मते घाईचं झालं. १९९९ पासून तर नव्या चिपसेटमधूनच (बोर्डावरचे भाग जोडणाऱ्या मुख्य चिपांमधूनच) थेट आयएसए गायब व्हायला लागलं.

इथूनच 'साउंड ब्लास्टर कॉम्पॅटिबल' ह्या शब्दाचा गुंता वाढला. तो आधीही साधा नव्हता, कारण खुद्द साउंड ब्लास्टर १६ वर साउंड ब्लास्टर प्रो चा स्टिरिओ नीट चालत नाही. पीसीआय कार्डं आल्यावर तोच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला गेला. काही कार्डं फक्त विंडोज ९८ च्या डॉस खिडकीत कॉम्पॅटिबल. काहींना शुद्ध डॉसमधे एक मेमरीत बसून राहणारा प्रोग्राम लागतो, त्याला बऱ्याचदा ईएमएम३८६ हा डॉसचा मेमरी मॅनेजर लागतो, आणि मग प्रोटेक्टेड मोडमधले (जास्त मेमरीसाठी प्रोसेसरचा ताबा स्वतः घेणारे) काही गेम उघडतच नाहीत. तिसरी जात म्हणजे एसबी-लिंकवाली, बोर्डावरच्या छोट्या कनेक्टरमधून वेगळी केबल घेऊन डीएमए मिळवणारी, पण तो कनेक्टर असलेले बोर्ड मोजकेच.

सदाशिव पेठेतल्या एका डीटीपीवाल्यांनी पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टसाठी जपून ठेवलेलं मशीन मी घेतलं, त्यात असंच एक पीसीआय कार्ड होतं. डूम लावला, संगीत एकदम झकास, पण बंदूक झाडली की काहीच नाही, दार उघडलं तरी शांत. त्या कार्डावर एफएम चिप (सूर स्वतः तयार करणारी) खरी होती आणि एफएमला डीएमए लागत नाही म्हणून गाणं वाजतं, गोळीचा आवाज मात्र डीएमएवरून येतो. दोन रात्री मी स्पीकरची वायर तपासत होतो!

१९९८ च्या ४४०बीएक्स चिपसेटचे बोर्ड आज एवढे शोधले जातात ते ह्याचमुळे. एजीपी (ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट), पीसीआय आणि आयएसए तिन्ही एकाच बोर्डावर, म्हणजे वूडू ३ हे ग्राफिक्स कार्ड पण बसतं आणि खरं साउंड ब्लास्टरसुद्धा. हार्डडिस्कच्या जागी सीएफ हे मेमरी कार्ड घालणं, फुगलेले कपॅसिटर बदलणं, ३८६-४८६ च्या बोर्डावरची गळकी निकेल-कॅडमियम बॅटरी आधी काढून टाकणं, ही कामं आता सगळ्यांच्या सवयीची झाली आहेत. स्लॉट मात्र नंतर बसवता येत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

गेल्या काही वर्षांत ते बदललं. एसबीईएमयू नावाचा प्रोग्राम डॉसमधेच नव्या बोर्डावरच्या साउंडला साउंड ब्लास्टर म्हणून उभं करतो, बरेच गेम चालतात, सगळे नाही. त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे एलपीसी. स्लॉट काढला तरी कीबोर्ड, फ्लॉपी, प्रिंटर पोर्टसाठी आयएसएचंच बारीक रूप बोर्डावर एलपीसी नावाने वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि फ्लॉपीला डीएमए लागतो म्हणून त्याची एक वायरही राहिली. बोर्डावर टीपीएम ह्या सुरक्षा चिपसाठी दिलेल्या पिनांवर हीच बस बाहेर येते. एका हौशी माणसाने त्या पिनांना लागणारं कार्ड बनवून खरा आयएसए स्लॉट परत आणला. डीएमएची वायर पिनांवर नसेल तर ती बोर्डावर शोधून सोल्डर करावी लागते, हात स्थिर पाहिजे. त्यानंतरच्या बोर्डांवर एलपीसीच्या जागी ईएसपीआय ही बस आली, त्यात हा डीएमए नाही, त्यामुळे ही युक्ती तिथपर्यंतच.