पान तोडून आणू नका, झाडापाशी हाक मारा

सोलापूर परिसरातल्या रानभाज्या आणि रानवनस्पती ओळख फेरीला येणाऱ्यांसाठी. नोंदणी करण्याआधी एकदा वाचून घ्यावे.

आमच्या फेरीला येणारी बहुतेक मंडळी अगदीच नवखी नसतात. घोळ, तांदुळजा, पाथरी घरी खाल्लेली असते. आघाडा हरतालिकेच्या पत्रीत हाताळलेला असतो, रुईची माळ शनिवारी मारुतीला घातलेली असते. त्यामुळे अगदी पहिलीपासून शिकवायची वेळ आमच्यावर येत नाही, आणि ते बरंच आहे. हे पत्रक काढायचं कारण वेगळं आहे. दर फेरीला एकच गोष्ट घडते आणि तिच्यात सगळ्यांचाच वेळ जातो.

रांग बांधावरून पुढे सरकत असते. मागून कुणीतरी चार पानं मुठीत धरून येतं आणि विचारतं, "हे काय आहे?" आमचा पहिला प्रश्न असतो, "कुठून तोडलंत?" उत्तर ठरलेलं: "तिकडून." मग तिकडे जायचं, झाड शोधायचं. ते सापडेपर्यंत दुसरे दोघे आणखी काही तोडून उभे असतात. तीन तासांच्या फेरीतला बराच वेळ असा मागेपुढे करण्यात जातो आणि ज्या ओढ्याकाठी खरं बघण्यासारखं असतं तिथे पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं.

काही जण म्हणतात, "तुम्ही जाणकार ना, पानावरून सांगता येत नाही का?" कधी कधी येतं. पण "खाऊ का?" हा प्रश्न मागे उभा असेल तर 'कधी कधी' पुरत नाही.

टाकळ्याचं उदाहरण घ्या. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला कोवळा टाकळा उगवतो आणि त्याची भाजी चांगली होते. त्याच्याच शेजारी, तशाच पिवळ्या फुलांचा आणि तशाच शेंगांचा कासविंदा उभा असतो. टाकळ्याच्या एका देठावर दलांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, साधारणपणे तीन जोड्या, टोकाला गोलसर. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या, टोकाला निमुळत्या. म्हणजे ओळख जोड्या मोजण्यात आहे. तुम्ही 'पान' म्हणून जे आणता ते बहुतेक वेळा त्या जोड्यांतलं एक दल असतं. आता मोजायचं काय? आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं एकाएकी गंभीर आजारी पडून दगावत होती. त्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाण्याशी असल्याचं तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. कोकणात कासविंद्याची कोवळी पानं खातात हे आम्हालाही ठाऊक आहे. पण सोबत लहान मुलं असतील तर त्या झाडाच्या शेंगांकडे आम्ही जाणूनबुजून बोट दाखवतो.

दुसरं उदाहरण घोळीचं. जमिनीला चिकटून पसरणारी, लालसर खोडाची, मांसल पानांची घोळ सगळ्यांना माहीत असते. तशीच पसरणारी, लालसर काड्यांची लहान दुधीही (भोपळा नव्हे, तण) तिच्या शेजारीच असते. फरक सोपा आहे: काडी मोडली की दुधीतून पांढरा चीक येतो, घोळीतून येत नाही. पण ही खूण ताज्या, जागेवर मोडलेल्या काडीची आहे. पिशवीत तासभर कोमेजलेली काडी मोडली तर चीक दिसेलच असं नाही. म्हणजे झाड ओळखायची खूणच तुम्ही तोडताना घालवून बसता.

यावर कुणी म्हणेल, मग सोपा नियम करू, चीक असेल तर खायचं नाही. पाथरीला चीक असतो. ज्वारीच्या रानात बसून भाकरीबरोबर कच्ची पाथरी खाल्लेल्या माणसाला हा नियम सांगून बघा! रानात असे एका ओळीचे नियम चालत नाहीत. म्हणून झाड उभं आहे की पसरलंय, पानं समोरासमोर आहेत की आड एक, पेरापाशी काटा आहे का, खाली मुरूम आहे की काळी माती, शेजारी काय उगवलंय, हे सगळं जागेवर बघावं लागतं.

आणि जागा बघायचं आणखी एक कारण आहे, जे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात बांधावर तणनाशक मारलेलं असतं. काही तणनाशकं मारल्यावर तण काही दिवस हिरवंगारच दिसतं. शहरालगतच्या नाल्याकाठी तांदुळजा आणि माठ इतका माजतो की हात शिवशिवतात, पण ही झाडं सांडपाण्यातलं नको ते उचलून पानात साठवतात. भाजी ओळखली बरोबर, पण जागा चुकीची, तर उपयोग काय? मुठीतल्या पानाकडे बघून आम्हाला यातलं काहीच कळत नाही.

तेव्हा एवढंच करा. अनोळखी झाड दिसलं की तिथेच थांबा आणि हाक मारा. आम्ही येतो. गटात बारा-चौदा माणसांपेक्षा जास्त घेत नाही ते याच कारणासाठी. "एवढी कमी माणसं घेता म्हणून दर चढा," अशी तक्रार येते, ती मान्य आहे. पन्नास जणांची बस भरून कर्ण्यावरून नावं सांगत जाणं आम्हालाही स्वस्तात जमलं असतं. शिवाय आमच्याबरोबर चालणाऱ्या मावशींनी उभा जन्म खुरपणी केलेली आहे. कोणतं तण कोणत्या रानात, कोणत्या पावसाला येतं हे त्यांच्याइतकं आम्हालाही येत नाही. तुमच्या पैशातून त्यांचा दिवसाचा रोज निघतो, आणि तो शेतावरच्या रोजापेक्षा बरा ठेवतो. मावशींना "ए बाई" म्हणून हाक मारू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

घरून फोटो पाठवणाऱ्यांसाठी. तळहातावर एक पान, मागे फरशी, आणि खाली "ही कोणती भाजी? चालेल का?" असे निरोप रोज येतात. याला आम्ही उत्तर देत नाही, आणि याबद्दल राग धरू नये. झाड जिथे उभं आहे तिथे पूर्ण झाडाचा एक फोटो काढा. पान खोडाला कसं जोडलंय त्याचा एक, पानाच्या मागच्या बाजूचा एक, फूल किंवा फळ असेल तर त्याचा एक, आणि आकार कळावा म्हणून शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. एवढं असेल तर नाव सांगायचा प्रयत्न करतो. फेरीला आलेल्यांना याचे पैसे पडत नाहीत. पण 'खा' असं फोटोवरून आम्ही कधीही लिहिणार नाही.

औषधाचं. फेरीत आम्ही परंपरेने काय वापर झाला ते सांगतो. एकदांडीचा पाला चुरगळून खरचटल्यावर लावत, भुईआवळी काविळीला देत, तरवडाची साल कातडं कमावायला जाई, गुंजांनी सोनं तोललं जाई. सांगायला हे सगळं आम्हाला आवडतं. पण "मग काविळीला किती दिवस घेऊ?" याचं उत्तर वैद्याकडे आणि डॉक्टरांकडे आहे. गुळवेलीचा वेल कापून द्या म्हणणारे दर फेरीला एक-दोन तरी असतात. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तो काढा परस्पर सुरू करू नका. मुतखड्याची तक्रार असलेल्यांनी घोळही बेताने खावी, तिच्यात ऑक्झलेट भरपूर असतं. लोक म्हणतात, "रानातलं आहे, नैसर्गिक आहे." धोतराही रानातलाच आहे. ज्या गुंजेने सोनं तोललं तिची बी चावून पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. माळेसाठी रुई तोडणाऱ्यांनी चिकाचा हात डोळ्याला लावू नये. सुरुवातीला दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होतं आणि नजर धूसर होते.

कुठे आणि केव्हा. सोलापूरचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. सह्याद्रीतल्या रानभाज्यांची यादी घेऊन इथे आलात तर निराश व्हाल. इथलं रान इथल्या वेळेने चालतं. मृगाचा शिडकावा झाला की टाकळा, तांदुळजा, घोळ, चिवळ. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला वाघाट्याच्या भाजीने सोडायची आपल्याकडे चाल आहे, म्हणून त्या सुमाराला कुंपणांवरचे काटेरी वाघाट्याचे वेल बघायला खास जातो. पुढे काळ्या रानाच्या बांधांवर कडवंची, म्हणजे कारल्याच्या जातीतलं लहानसं फळ, लागते. ही पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आवर्जून दाखवावी, कारण तिकडे ती सहसा मिळत नाही. शेंगदाण्याचं कूट घालून परतलेली कडवंची आणि कडक भाकरी, यापुढे आम्ही काही बोलत नाही. फक्त तोडल्यावर ती ठेवू नये, एक-दोन दिवसांत उलते. आणि खायचं ते फळ, खालचा कंद नव्हे.

नवरात्राच्या आसपास तरवड माळभर पिवळा होतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक भगिनी बतुकम्मासाठी हीच फुलं, त्यांच्या भाषेत तंगेडू, शोधत असतात. त्यांच्यासाठी एक फेरी वेगळी ठेवतो, तिथे तोडायला परवानगी असलेलं खाजगी माळरान आहे. अक्कलकोटकडच्या फेरीत कन्नड नावंही सांगतो. हिवाळ्यात ज्वारीतली पाथरी आणि बोरं. एप्रिल-मेमध्ये फेऱ्या बंद. ४३ अंशांत माळावर नेऊन कुणाला चक्कर आणायची आमची इच्छा नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याबद्दल नेहमी विचारणा होते. १९७९ साली झालेलं हे अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी काढूनच आत जातो, आणि आत एक काडीही तोडत नाही. ते पटत नसेल तर हिप्परग्याच्या तलावाकडची फेरी घ्या.

काय आणावं: पूर्ण पाय झाकणारे बूट (सराटे चपलेच्या आरपार जातात), पूर्ण बाह्यांचा सदरा, पाणी, टोपी. गाजरगवताने अंगाला खाज सुटणाऱ्यांनी आधी सांगावं, तसा रस्ता निवडता येतो. मोठी पिशवी आणू नये. "भाजी किती मिळेल?" असं विचारणाऱ्यांना आम्ही सरळ मंडईत जायला सांगतो. फेरी ओळखीसाठी आहे. शेवटी एका शेतावर जेवण असतं, त्यात त्या दिवशी ओळखलेल्यांपैकी एखादी भाजी, भाकरी आणि शेंगाची चटणी. ती भाजी मावशींनी आदल्या दिवशी त्याच शेतातून, औषध न मारलेल्या तुकड्यातून खुडलेली असते. जेवण दरातच धरलेलं आहे.

दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धा दर. मुलांना जरूर आणा, ती मोठ्यांपेक्षा कमी तोडतात. शाळांसाठी आणि महिला मंडळांसाठी वेगळा दिवस देता येतो, त्याचं महिनाभर आधी ठरवावं. पाऊस जोरात असेल तर काळ्या रानात चालता येत नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळी फेरी पुढे ढकलल्याचा निरोप येईल आणि पैसे पुढच्या फेरीला धरले जातील. कडवंची आणि वाघाट्याच्या फेऱ्या लवकर भरतात, त्या आधी नोंदवाव्यात. बाकीच्यांना बहुधा आदल्या आठवड्यातही जागा असते.