‘एवढ्या टक्क्यांना काय घेता येईल?’ : अकरावीच्या शाखानिवडीमागची पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की समुपदेशनासाठी येणारे आईवडील खुर्चीत बसता बसता हाच प्रश्न विचारतात. आधी टक्के सांगतात, मग शाखा विचारतात आणि मुलाचा विषय निघालाच तर सगळ्यात शेवटी. शेजारी बसलेला मुलगा किंवा मुलगी बहुतेक वेळा खाली बघत असते. या पालकांना मला कधीच बोल लावावासा वाटलेला नाही, कारण हा प्रश्न त्यांनी शोधून काढलेला नाही. दीडशे वर्षांच्या अनुभवातून तो त्यांच्यापर्यंत आला आहे. तो कसा आला हे कळलं, तर त्याचं उत्तर देणाऱ्यालाही जरा धीर धरता येतो.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. तेव्हापासून माध्यमिक शिक्षणाला एकच दार राहिलं. मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. कॉलेजात जाणारे मूठभर, पण शाळेतल्या सगळ्यांनी अभ्यास करायचा तो त्या मूठभरांसाठी आखलेला. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्याचा मुख्य आग्रह प्राथमिक शिक्षणावर होता, पण वरच्या शाळांबद्दलही त्यांनी स्पष्ट लिहिलं: मॅट्रिकनं शिक्षक-विद्यार्थ्यांचं सगळं लक्ष गिळून टाकलं आहे, अभ्यासक्रमात व्यवहाराला उपयोगी असं काही नाही, त्यातून कारकून आणि मास्तर तेवढे तयार होतात.

हंटर आयोगानं यावर तोडगा सुचवला तो दोन वाटांचा. ‘अ’ अभ्यासक्रम विद्यापीठाकडे नेणारा, ‘ब’ अभ्यासक्रम व्यापार-व्यवसायाकडे नेणारा. कागदावर ही सूचना आजही शहाणपणाची वाटते. पण ‘ब’ वाट कधी वाहती झालीच नाही. मान आणि सरकारी नोकरी दोन्ही मॅट्रिकच्या मागून येत होती, ‘ब’च्या टोकाला काय आहे हे कुणी सांगू शकत नव्हतं. त्या काळच्या पालकांनी मुलांना ‘अ’कडे ढकललं, कारण त्यांचा हिशेब बरोबर होता. वाट आखायची आणि तिच्या टोकाची सोय करायची नाही, हा प्रकार पुढे पुन:पुन्हा दिसतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात परीक्षा विद्यापीठाकडून काढून वेगळ्या मंडळाकडे दिली गेली आणि 1949 पासून एस.एस.सी. सुरू झाली. ती अकरावीच्या शेवटी होत असे. घरातल्या आजी-आजोबांना विचारलंत तर ‘हायर मॅथ्स’, ‘लोअर मॅथ्स’ हे शब्द अजून निघतील. गणित झेपत नाही असं ठरलेलं मूल शाळेतच सोप्या गणिताकडे वळवलं जाई आणि त्याची विज्ञानाची वाट तिथेच बंद होई. अनेक मुलींच्या बाबतीत ‘झेपत नाही’ हे न तपासताच ठरवलं जाई. अंकगणित आणि गृहशास्त्र त्यांना पुरे, अशी समजूत होती.

याच काळात, 1952-53 मध्ये, ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. मुलांनी सात गटांतून निवड करायची: मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रविषय, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. हा सातचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे. निवड करायची तर सांगणारं कुणी हवं, हेही आयोगानं ओळखलं होतं. शाळेत मार्गदर्शन अधिकारी असावा, करिअरची माहिती देणारा प्रशिक्षित शिक्षक असावा, अशी शिफारस होती. मुंबईत तशी सुरुवात त्याआधीच झाली होती. पारशी पंचायतीनं 1940 च्या दशकात व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं होतं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञानप्रबोधिनी सुरू केली आणि बुद्धी व कल मोजण्याच्या मानसशास्त्रीय चाचण्या पुढे मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीच्या झाल्या. पण हे सारं शहरांत. तालुक्याच्या शाळेत मार्गदर्शन अधिकारी नव्हता, आणि बहुतेक ठिकाणी तो आजही नाही.

मग आला कोठारी आयोग. 1964 ते 1966 असं त्याचं काम चाललं. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा भागातले. आज आपण ज्याला सहज ‘दहावी-बारावी’ म्हणतो ती 10+2+3 ची (दहावीपर्यंत दहा, मग अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची तीन वर्षं) चौकट या आयोगानं पक्की केली. तिच्यामागचा विचार फार मोठा होता, आणि तो विसरला गेल्याची मला खरोखर खंत आहे. विचार असा: पहिली दहा वर्षं सगळ्या मुलांना सारखं शिक्षण मिळावं. गणित आणि विज्ञान सर्वांना, मुलींनासुद्धा. मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा नसावा हे हंसा मेहता समितीनं सांगितलं होतं, ते आयोगानं उचलून धरलं. वाटा फुटायच्या त्या दहावीनंतरच. तेराव्या-चौदाव्या वर्षी कुणाच्याही आयुष्याचा निकाल लावू नये, असा त्याचा साधा अर्थ. आणि दहावीनंतर निम्म्या मुलांनी व्यवसाय शिक्षणाकडे जावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

महाराष्ट्रात मार्च 1975 मध्ये नव्या दहावीची पहिली तुकडी परीक्षेला बसली. त्याच वर्षी जुनी अकरावीही होती, त्यामुळे एकाच उन्हाळ्यात दोन पिढ्यांचे निकाल लागले. 1977 मध्ये पहिली बारावी झाली. आजच्या चित्राची खरी बीजं या दोन वर्षांत आहेत. आयोगाच्या कल्पनेत +2 ही दोन वर्षं शालेय शिक्षणाचा भाग होती. आपल्याकडे ती शाळांनाही जोडली गेली आणि मोठ्या प्रमाणावर महाविद्यालयांनाही. ‘कनिष्ठ महाविद्यालय’ हा शब्द तिथूनच आला. जिथे कॉलेज होतं, प्रयोगशाळा होती, प्राध्यापक होते, तिथेच वर्ग काढणं सोयीचं होतं, हे समजण्यासारखं आहे. पण त्यातून एक गोष्ट निसटली. पाचवीपासून ज्या बाईंनी मुलाला पाहिलेलं असतं, तो कशात रमतो, कुठे अडतो हे ज्यांना ठाऊक असतं, त्यांचा हात नेमका निवडीच्या वेळी सुटतो. नव्या ठिकाणी ऐंशी-शंभरांच्या तुकडीत त्याला ओळखणारं कुणी नसतं. मुलाची माहिती म्हणून सोबत जातं ते फक्त गुणपत्रक.

टक्क्यांची सत्ता अशी बसली. तिला जोर आला तो 1983 नंतर. वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि इंजिनीअर होणं हे जिल्ह्याजिल्ह्यातल्या घरांच्या आवाक्यात, निदान स्वप्नात, आलं. कर्ज काढून, जमीन विकून मुलं शिकली आणि अनेक घरं खरंच वर आली. मात्र प्रवेश बारावीच्या गुणांवर होता. पीसीएम, पीसीबी (भौतिक आणि रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र) ही अक्षरं पालकांच्या बोलण्यात रुळली ती याच वर्षांत. एकेका गुणासाठी झुंज सुरू झाली. लातूर पॅटर्नचं नाव गाजलं तेही यातूनच. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या ठिकाणी प्राध्यापकांनी सराव आणि शिस्त यांवर अफाट कष्ट घेतले आणि मराठवाड्यातली मुलं गुणवत्ता यादीत वर दिसू लागली. पुण्या-मुंबईबाहेरच्या मुलांना तो फार मोठा आधार होता.

दुसऱ्या बाजूला, कोठारींनी सांगितलेली व्यवसायाची वाटही इथे आखली गेली. 1986 च्या राष्ट्रीय धोरणानं 1995 पर्यंत +2 स्तरावरची 25 टक्के मुलं व्यवसाय अभ्यासक्रमात असावीत असं उद्दिष्ट ठेवलं. महाराष्ट्रात एम.सी.व्ही.सी. म्हणजे किमान कौशल्यांवर आधारित अभ्यासक्रम आले, आणि शास्त्र शाखेत द्विलक्षी, म्हणजे आपलं ‘बायफोकल’. बायफोकलचं नशीब पाहण्यासारखं आहे. दुसरी भाषा आणि एक विषय सोडून 200 गुणांचा इलेक्ट्रॉनिक्ससारखा विषय घ्यायचा. हेतू हाताला कौशल्य मिळावं हा. पालकांनी आणि मुलांनी तो घेतला, कारण त्यात गुण चांगले पडतात आणि इंजिनीअरिंगला मदत होते. एम.सी.व्ही.सी.कडे मात्र ‘कमी टक्केवाल्यांची शाखा’ म्हणून पाहिलं गेलं. पुन्हा ‘अ’ आणि ‘ब’. पालकांचा हिशेब पुन्हा चुकलेला नव्हता: पुढची पायरी ज्या वाटेला दिसत होती तिकडे ते गेले.

कला शाखेचं दु:ख आणखी वेगळं. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तर्कशास्त्र, गणितसुद्धा कलेत घेता येतं. पण ग्रामीण भागात कला शाखा ही आवडीनं घेतलेली असतेच असं नाही. गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात तेवढीच असते. एस.टी. जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच्या शाखा. मुलींच्या बाबतीत तर पासाचा मार्ग आणि शेवटच्या गाडीची वेळ यांवर अनेकदा विषय ठरले आहेत. अशा घरात ‘मुलीची आवड काय’ असं विचारताना मला नेहमी संकोच वाटतो, आणि तरी ते विचारावं लागतं.

या सहस्रकाच्या उंबरठ्यावर नियम बदलू लागले. राज्याची सी.ई.टी. ही वेगळी प्रवेशपरीक्षा वैद्यकीयसाठी 1999 मध्ये आणि अभियांत्रिकीसाठी 2004 मध्ये आली. मध्ये 2014 आणि 2015 ही दोन वर्षं अभियांत्रिकीला जे.ई.ई. मेन ही देशपातळीवरची परीक्षा लागू झाली, 2016 पासून पुन्हा सी.ई.टी. आली. त्याच सुमारास वैद्यकीयसाठी ‘नीट’ ही देशभराची एकच परीक्षा पक्की झाली. नियम इतक्या वेळा बदलले की मोठ्या भावाचा अनुभव धाकट्या बहिणीला उपयोगी पडेना. मग पालक गेले ते क्लासवाल्यांकडे, कारण माहिती तिथे मिळत होती. ‘इंटिग्रेटेड’ पद्धत रुजली: नाव कॉलेजात, मूल क्लासमध्ये. सरकारनं 2018 मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो यावरच. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो ‘फाउंडेशन’चा वर्ग. आठवी-नववीतच ‘मेडिकल की इंजिनीअरिंग’ ठरवून पैसे भरले जातात. दहावीपर्यंत वाटा फुटू नयेत म्हणून कोठारी आयोगानं केलेली सोय अशी घराघरांतून मोडते आहे.

अकरावीच्या प्रवेशाचीही ओढाताण झाली. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापात कसे आणायचे यावरून पर्सेंटाइल, मग 90:10 (नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना), मग ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ (सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरायचे) असे तोडगे 2008 ते 2010 मध्ये निघाले आणि एकामागून एक न्यायालयात गेले. त्यांतला टिकला तो ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’. मुंबई विभागात 2009 पासून प्रवेश ऑनलाइन झाले, पुढे मोठ्या शहरांत आणि 2025 मध्ये राज्यभर. रांगा गेल्या, शिफारशींची दारं बरीच बंद झाली, हे चांगलंच झालं. पण कट-ऑफची यादी सगळ्यांच्या मोबाइलवर आली आणि टक्क्यांना आणखी मान मिळाला.

याला उत्तर म्हणून शासनानं 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. तिची क्षेत्रंही सातच होती: शेती, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. मुदलियारांच्या यादीशेजारी ही यादी ठेवली की साठ वर्षांत काय बदललं ते दिसतं. गृहविज्ञान गेलं, गणवेश आला, आणि विज्ञानाची ओळख आरोग्यानं होऊ लागली. चाचणी काही वर्षं चालली आणि मग थांबली. ती वाईट नव्हती. पण अहवाल हातात पडल्यावर तो समजावून सांगणारं माणूस शाळेत नव्हतं. ‘ललित कला’ असा कल आलेल्या मुलाचे वडील तो कागद घेऊन माझ्याकडे आले होते. ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. पुढे काय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. चित्रकलेची शासकीय इंटरमीजिएट परीक्षा, कला महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा, डिझाइनचे अभ्यासक्रम, वास्तुकलेसाठी गणित का सोडू नये, हे बोलायला दीड तास लागला. त्या दीड तासाची तरतूद कुठल्याच योजनेत नव्हती.

आता 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की कला, वाणिज्य, विज्ञान यांमधल्या भिंती काढाव्यात, मुलांनी भौतिकशास्त्राबरोबर संगीत किंवा इतिहासही घ्यावा. मला हे मनापासून हवं आहे. फक्त कनिष्ठ महाविद्यालयात विषय उघडतो तो मुलाच्या इच्छेनं नव्हे, संचमान्यतेनं, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरणाऱ्या शिक्षकपदांच्या मंजुरीनं. विषयाला पुरेशी मुलं नसतील तर शिक्षकाचं पद मंजूर होत नाही, पद नसेल तर विषय नाही, आणि विषय नाही म्हणून पुढच्या वर्षीही मुलं नाहीत. तर्कशास्त्र, भूगर्भशास्त्र, संगीत असे विषय मंडळाच्या यादीत आहेत, पण ते कुठे शिकवले जातात हे शोधावं लागतं. म्हणून पसंतीक्रम भरायला बसलेल्या पालकांना मी आधी कट-ऑफ बंद करायला सांगते. यादीतल्या प्रत्येक कॉलेजात फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या म्हणते: यंदा प्रत्यक्ष कोणकोणते विषय शिकवले जाणार आहेत, आणि त्या विषयाचे शिक्षक कायम आहेत की तासिकेवर. फोन शक्यतो मुलानंच लावावा.