व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी माईक प्रीअँप अ‍ॅडॅप्टर : घेण्याआधी असा तपासून पाहा

लग्नाचं, व्याख्यानाचं किंवा कुस्ती मैदानाचं शूटिंग करणारे आमचे बरेच ग्राहक एकच तक्रार घेऊन येतात. चित्र स्वच्छ असतं, पण बोलणारा थांबला की मागून ‘स्स्स’ असा हिस चढत जातो. माईक बदलून पाहिलेला असतो, तरी तो जात नाही. बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याच्या आत असतो. माईककडून येणारा सिग्नल फार बारीक असतो. साधा डायनॅमिक हँडमाईक ९४ डेसिबलच्या आवाजाला जेमतेम दीड-दोन मिलिव्होल्ट देतो. तो मोठा करायचं काम कॅमेऱ्यातल्या प्रीअँपचं, आणि मुळात फोटोसाठी बनलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत या भागाकडे कमीच लक्ष दिलेलं असतं. त्यात रेकॉर्डिंग लेव्हल ‘ऑटो’वर असेल तर शांतता आली की कॅमेरा आपणहून गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते प्रमाण) वाढवतो आणि हिस वर येतो.

बाहेरचा अ‍ॅडॅप्टर हा सिग्नल कॅमेऱ्यात शिरण्याआधीच मोठा करतो. माईकची केबल त्याच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या गोल) सॉकेटमध्ये जाते आणि त्याची ३.५ मिलिमीटरची पिन कॅमेऱ्याच्या माईक जॅकमध्ये. पण नुसता जोडून भागत नाही. कॅमेऱ्याची लेव्हल मॅन्युअल करून अगदी खाली आणायची, शून्याच्या एक-दोन घरं वर, आणि बाकीची उंची अ‍ॅडॅप्टरच्या गेनने गाठायची. हे केलं नाही तर हिस होता तसाच राहतो.

बाजारात काही अ‍ॅडॅप्टरमध्ये नुसता ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्यूमची बटणं असतात, गेन नसतो. ते टाकाऊ नाहीत, मिक्सरची लाइन (मिक्सरमधून बाहेर येणारा मोठा सिग्नल) घ्यायला उत्तम आहेत. हिस घालवायला मात्र त्यांचा उपयोग नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घेताना हे विचाराच.

शांततेची तपासणी

ही आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच बहुतेक जण चुकीच्या पद्धतीने करतात. एकदा माईक थेट कॅमेऱ्याला, एकदा अ‍ॅडॅप्टरमधून, असं रेकॉर्ड करून लगेच ऐकतात. ज्यात आवाज मोठा, तेच कानाला चांगलं वाटतं! त्यावरून काहीच ठरत नाही. माईक तोच ठेवा, तोंडापासूनचं अंतर तेच ठेवा, दोन वाक्यं बोला, मग दहा सेकंद गप्प राहा. दोन्ही क्लिप एडिटिंगमध्ये घेऊन आधी बोलण्याची लेव्हल सारखी करा. त्यानंतर फक्त गप्प राहिलेला भाग हेडफोनवर ऐका. खरा फरक तिथेच कळतो.

आमच्या बाकावर आम्ही माईकच्या जागी १५० ओहमचा रेझिस्टर लावतो. रेझिस्टरलाही खोलीच्या तापमानाला स्वतःचा नॉइज असतो. तो साधारण उणे १३१ डीबीयू (सिग्नलच्या पातळीचं एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका नॉइज कमी) भरतो आणि कुठलाच प्रीअँप त्याखाली जाऊ शकत नाही. उणे १२५ ते १२८ पर्यंत पोचणारा प्रीअँप चांगला समजावा.

कंडेन्सर माईक, म्हणजे चालायला वीज लागणारा, डायनॅमिकच्या पाच-दहा पट सिग्नल देतो, काही त्याहूनही जास्त. त्यामुळे अ‍ॅडॅप्टरचा फरक सगळ्यात ठळक दिसतो तो हँडमाईकवर. तुम्ही फक्त वायरलेस कॉलर माईक वापरत असाल तर त्याच्या रिसीव्हरचा आउटपुट बहुधा पुरेसा मोठा असतो. तो पूर्ण वाढवा, कॅमेऱ्याची लेव्हल उतरवा आणि ऐकून पाहा. तेवढ्यात काम झालं तर अ‍ॅडॅप्टर घेऊ नका, असंच आम्ही सांगतो.

हलगीची तपासणी

कोल्हापुरात शाहू स्मारकातल्या व्याख्यानाला चालणारी सेटिंग खासबागेच्या कुस्ती मैदानात चालत नाही. हलगी जवळ आली की माईकचा सिग्नल एकदम उसळतो आणि अ‍ॅडॅप्टरच्या आतच कापला जातो. मग कॅमेऱ्याची लेव्हल कितीही उतरवा, मीटर उणे १२ वर शांत दिसेल आणि आवाज फाटलेलाच राहील. मीटर फक्त कॅमेऱ्यात पोचलेला आवाज दाखवतो, आधी काय बिघडलं ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून अ‍ॅडॅप्टरला स्वतःचा ओव्हरलोड दिवा आहे का आणि पॅडचं (सिग्नल बारीक करण्याचं) बटण आहे का, हे पाहा. आमच्याकडे टाळ्या वाजवून, ओरडून, अगदी हलगी आणूनही पाहिलंत तरी हरकत नाही.

मिक्सरची लाइन आणि घूं‌ऽऽ

व्यावसायिक मिक्सरची लाइन १.२३ व्होल्टच्या आसपास असते, माईक काही मिलिव्होल्ट. तेव्हा अ‍ॅडॅप्टरवर ‘लाइन’ निवडा. ती सोय नसेल तर ४० डेसिबलचा पॅड, म्हणजे सिग्नल शंभराव्या हिश्श्यावर आणणारा. त्या चॅनेलचं फँटम (कंडेन्सर माईकला केबलमधून मिळणारी वीज) बंद ठेवा, नाहीतर मिक्सरच्या आउटपुटला इजा होऊ शकते.

मंडपात कॅमेऱ्याचा विजेचा अ‍ॅडॉप्टर एका सॉकेटवर आणि साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या फेजवर असला की ५० हर्ट्‌झचा घुमारा ऐकू येतो. कॅमेरा बॅटरीवर घ्या. घुमारा गेला तर ती अर्थची वेटोळी (ग्राउंड लूप) आहे, आणि त्यावर ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅडॅप्टर हा योग्य उपाय. काही जण प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. कृपया हे कधीही करू नका. ओल्या मंडपात लोखंडी खांबाला हात लावणारं माणूस त्या पिनेच्या भरवशावर असतं.

फँटम मल्टिमीटरने मोजता येतं. एक्सएलआरच्या पिन १ आणि २ मध्ये ४४ ते ५२ व्होल्ट, १ आणि ३ मध्येही तेवढेच, २ आणि ३ मध्ये शून्य. ३ मिलिअँपिअर घेणारा माईक जोडल्यावर आकडा ३८ च्या घरात उतरला तर घाबरू नका, आतल्या ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांमुळे तसंच व्हायला हवं. त्याहून खूप खाली गेला तर बॅटरी किंवा सर्किट कमजोर आहे.

आमच्याकडे दुरुस्तीला सर्वांत जास्त येतो तो कॅमेऱ्याचा तुटलेला माईक जॅक. जड एक्सएलआर केबल लोंबकळत ठेवू नका, ट्रायपॉडला बांधून घ्या.

तपासायला येताना तुमचा कॅमेरा, रोजचा माईक, रोजची केबल, भरलेली बॅटरी, मोकळं कार्ड आणि हेडफोन आणा. उद्यमनगरात दिवसभर लेथ चालू असतात, म्हणून शांततेच्या तपासणीसाठी संध्याकाळी सातनंतर, आधी फोन करून या. तपासणीचे पैसे नाहीत. कार्ड घरी न्या, तुम्ही एडिटिंगला वापरता त्या स्पीकरवर ऐका आणि मग घ्यायचं की नाही ते कळवा.