मॉरिशसला चाललात? पश्चिमेचा किनारा धरा

बुकिंग झाल्यावर सगळ्यांचा आम्हाला हमखास एक प्रश्न असतो, "तिकडे पाऊस असेल का हो?" तर असेलही आणि नसेलही, तुम्ही बेटाच्या कुठल्या बाजूला आहात त्यावर आहे सगळं.

महाबळेश्वरला धो धो कोसळत असतं आणि घाट उतरून वाईला आलं की रस्ता कोरडा, हे आपण पाहिलेलंच आहे ना, तिथेही तसंच, फक्त दिशा उलटी. वारं येतं आग्नेयेकडून, ढग मधल्या पठारावर चढतात, तिथल्या क्युरपीप शहराच्या आसपास रिकामे होतात आणि पश्चिमेला उरतं ते ऊन. विमानतळ नेमका आग्नेयेला आहे, त्यामुळे उतरल्या उतरल्या पाऊस लागला तर लगेच आम्हाला फोन करू नका (करतात लोक!), गाडीने पलीकडे जाईपर्यंत बहुतेक वेळा चित्र बदललेलं असतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारँ गावाला जुनी मिठागरं आहेत, मीठ उन्हातच पिकतं, आता काय ते समजा.

राहायला आम्ही त्याच किनाऱ्यावरचं फ्लिक-आँ-फ्लाक सुचवतो. लांबलचक पांढरी वाळू, मागे सुरूची झाडं, म्हणजे कोकणातल्यासारखीच सावली, आणि प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते म्हणून आत पाणी शांत असतं, लहान मुलं असतील तर हाच बीच. मात्र पायात रबरी शूज हवेतच, तळाशी प्रवाळाचे तुकडे असतात, समुद्री साळू असतात आणि स्टोनफिश तर दगडासारखाच दिसतो, त्याचा काटा विषारी असतो.

तामारँची गोष्ट वेगळी, तिथे नदी समुद्राला मिळते, गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही म्हणून भिंतीत खिंड पडलीय आणि मोठ्या लाटा थेट आत येतात. सर्फिंगवाल्यांना मजा, पण पोहायला सांभाळून. डॉल्फिन बघायला बोटी भल्या सकाळी निघतात, ज्या बोटी त्यांच्या अंगावर जातात त्यांच्यात आम्ही तुम्हाला बसवत नाही, लांबून दिसले तरी पुरे.

नैऋत्येच्या टोकाला ल मोर्न, ५५६ मीटरचा डोंगर, पळून आलेले गुलाम इथे लपायचे, २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. खाली बीचवर वारं जोरात असतं, काइटसर्फिंगवाले खूश, टोपी गेली तर परत मिळणार नाही.

मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा, हवा छान, पण पूर्वेला वारं जास्त. जानेवारी ते मार्च उकाडा आणि वादळाची शक्यता, स्वस्त मिळतं म्हणून तेव्हा जाणाऱ्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो.

शाकाहारी मंडळींनी ढोल पुरी शोधायची, आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण म्हणा. आणि हो, या पश्चिम भागात मराठी घरं बरीच आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्या दिवसांत जाणार असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, विसर्जन बघायचं असेल तर गाडीची वेळ तशी लावू.